हायपोचा वास

फोटोकाकांचं नाक गेलं ते हिवाळ्यातल्या तापात. गेलं म्हणजे जागेवर होतं, चष्मा टेकवायला उपयोगी पडत होतं, पण आपलं मूळ काम त्यानं सोडून दिलं होतं. ताप उतरला, हातापायांत बळ आलं, वास मात्र परत आला नाही. हे त्यांच्या ध्यानात आलं ते दुधामुळे. गॅसवर दूध ठेवून सूनबाई कपडे वाळत घालायला गेली होती आणि काका स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याचं बूड काळं झालं, जिन्यापर्यंत वास गेला. ती धावत आली तर सासरे पेन्सिल कानाला लावून शांतपणे आडवा शब्द शोधतायत. ती बघतच राहिली. काका म्हणाले, “मला वाटलं, मुद्दाम करपवतेयस. हल्ली काय काय नवीन पदार्थ निघतात.” ती हसली, आणि विषय पातेल्याबरोबर घासून स्वच्छ झाला.

खरं काय ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डार्करूमला कुलूप लागलं असतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घर वर आणि स्टुडिओ खाली. स्टुडिओचं पुढचं अंग आता मुलाचं होतं. तिथं मोठा पांढरा पडदा, छत्रीसारखे दिवे, कॉम्प्युटर, आणि फोटो बाहेर फेकणारं यंत्र. गिऱ्हाईक केस नीट करेपर्यंत यंत्र फोटो काढून मोकळं. मागची डार्करूम तेवढी काकांची राहिली होती. खिडकी काळ्या कागदानं बंद केलेली, दाराला आतून जाड पडदा, भिंतीला लागून दगडी ओटा आणि ओट्यावर तीन ट्रे. मुलगा थट्टा करायचा, “बाबा, इतका वेळ अंधारात राहता, एक दिवस तुम्हीच डेव्हलप होऊन बाहेर याल.” काका म्हणायचे, “येईन. तुझ्या यंत्रातून निघतो त्यापेक्षा तरी बरा दिसेन.”

त्या खोलीत पोटच्या पोराचं मन कधी रमलं नाही. रमलं ते सुनेचं. लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला ती नुसती दारात उभी राहून बघायची, मग आत स्टूल घेऊन बसायला लागली, आणि मग प्रश्न विचारायला लागली. काकांना दुसरं काय हवं होतं? आयुष्यभर अंधारात एकट्यानं केलेलं काम, त्याला ऐकणारे कान मिळाले. अशा वेळी माणूस आधी थोडे आढेवेढे घेतो आणि मग थांबता थांबत नाही.

ते तिला सांगायचे, फिल्मवर चांदीचं एक मीठ पसरलेलं असतं. मीठ म्हटलं म्हणून पाण्यात विरघळेल असं समजू नकोस. कितीही धू, जागचं हलायचं नाही. उजेड लागला की त्या कणांच्या आत काहीतरी बदलतं, पण वरून कुणाला दिसत नाही. मग पहिला ट्रे डेव्हलपरचा. यात सोडा असतो, म्हणून बोटाला साबणासारखा बुळबुळीत लागतो. उजेड लागलेले कण तो बरोबर हुडकून काढतो आणि त्यांची काळी चांदी करतो. पण त्याला वेळेवर थांबवलं नाही तर तो सगळ्यांनाच काळं करत सुटतो. म्हणून मधला ट्रे ॲसिडचा, व्हिनेगरच्या जातीचं, आंबट वासाचं. सोड्याला ॲसिड भेटलं की त्याचा जोर तिथल्या तिथं संपतो. आणि शेवटी हायपो. पाण्याला जे जमत नाही ते हायपोला जमतं. उजेड न लागलेलं सगळं मीठ तो साखरेसारखं विरघळवतो आणि घेऊन जातो. मागं राहते ती काळी चांदी. तेच चित्र.

“आणि हायपो आधी केला तर?” तिनं एकदा विचारलं होतं.

काका हसले होते. “मग काय, सगळंच नेईल. उजेड लागलेलं आणि न लागलेलं, दोन्ही. त्याला कुठं ठाऊक कुणाचा फोटो आहे?”

फिल्मचा काठही त्यांनी तिला वाचायला शिकवला होता. काठावर कारखान्यातच बारीक आकडे उजेडानं उमटवलेले असतात. गिऱ्हाइकानं झाकण न काढता फोटो मारले असतील, फिल्म जुनी होऊन विटली असेल, चित्र एकही आलं नसेल, तरी डेव्हलपरमधून निघालेल्या फिल्मच्या काठावर ते आकडे थोडेफार येतातच. आकडे आले तर दोष गिऱ्हाइकाचा किंवा नशिबाचा. आकडेच नाहीत तर दोष डार्करूमचा. काका म्हणायचे, “गिऱ्हाइकाला काही सांगता येईल. काठाला नाही सांगता येत.”

फिल्म धुताना लाल दिवाही चालत नाही, पार मिट्ट काळोख लागतो. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि ट्रेमधून तिला पाळण्यासारखा झोका द्यायचा. घड्याळ दिसत नाही, म्हणून काका प्रार्थना म्हणायचे. त्यांची आई निजताना म्हणायची ती. ‘लहान माझा दिवा, देवा, ओंजळीत धर.’ सगळी कडवी सावकाश दोनदा म्हटली की डेव्हलपरचा वेळ भरला. धंद्यातले इतर लोक मनात आकडे मोजत. काका देवाला मध्ये घालत, आणि त्यांचं चित्र कधी कमी-जास्त झालं नाही. अंधारात ट्रे ओळखायला त्यांना चिठ्ठी लागत नव्हती. डावीकडे बुळबुळीत तो डेव्हलपर, मधला आंबट, आणि उजवीकडचा हायपो, काडी पेटवून फुंकर मारल्यावर येतो तसल्या वासाचा. त्याच्या पलीकडे, उजव्या भिंतीला, धुवायचं सिंक. जन्मभर हात डावीकडून उजवीकडे चालले होते.

आता त्या वर्षभरात काय काय झालं ते पाहा, आणि यातलं काय वाईट म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. डेव्हलपरनं काकांची बोटं फुटायला लागली. भेगा पडून रक्त यायचं, रात्री चादरीला डाग लागायचे. सूनबाईनं स्वतः बाजारात जाऊन कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे आणले आणि ते घातल्याशिवाय ओट्याला शिवायचं नाही असा दम भरला. काकांनी कुरकुर केली, भांडी घासायला बसवता की काय म्हणाले, पण सवय लावून घेतली. बोटं बरी झाली. फक्त रबराला सगळंच बुळबुळीत लागतं.

मग सिंक. ते गळायचं, पाणी लादीवर यायचं. एकदा काका त्यात घसरले, कंबर धरली. मुलानं दुसऱ्या दिवशी प्लंबर आणला आणि सिंक डाव्या भिंतीला, दाराशेजारी बसवून घेतलं. उतार तिकडे होता, आता थेंब सांडला तरी मोरीत जाणार. बापासाठी मुलानं मनापासून केलेली गोष्ट. काकांनीही शाबासकी दिली.

हे सगळं झाल्यावर कॅमेरा आला.

सूनबाईचे वडील गेले. तिच्या आईला जाऊन तर किती वर्षं लोटली होती. ती भिंत धरून चालायला शिकत होती तेव्हाच आई गेली. आईचा चेहरा तिनं पाहिला नव्हता असं नाही, पण आठवत नव्हता. घरात आईचा म्हणून एकच फोटो, लग्नाच्या गर्दीतला, आणि त्यातही नेमकं कुणीतरी मध्ये हात केलेला. कपाळ दिसतं आणि हनुवटी दिसते. मधलं काहीच नाही. लहानपणी ती त्या हातावर फार चिडायची. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, तुझ्यासारखीच होती. आणि उठून जात.

वडिलांच्या ट्रंकेत, स्वेटरात गुंडाळलेला तो कॅमेरा निघाला. आत फिल्म तशीच, अर्ध्याच्या पुढं फिरवलेली. तिच्या आत्यानं सांगितलं, तुझी आई आजारी पडण्याआधी दोघं तळ्यावर गेली होती, तू होतीस, दादानं भरपूर फोटो काढले होते. नंतर त्याला ती फिल्म पुरी करवली नाही आणि टाकूनही देववली नाही.

तिनं कॅमेरा आणला, पण काकांच्या हाती लगेच दिला नाही. वरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिला. उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला, तेव्हा कुठं एका सकाळी चहाच्या कपाशेजारी आणून ठेवला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. काळी-पांढरी फिल्म फार सोशिक असते, ते म्हणाले, इतकी वर्षं काही ना काही धरून ठेवलं असेल. पण शब्द देत नाही. कदाचित धुकं असेल, कदाचित काहीच नसेल.

“तुम्ही धुणार ना? दुसऱ्या कुणाकडे नाही द्यायची मला.”

“दुसरं आहे कोण?” काका म्हणाले. बोलताना त्यांची छाती थोडी फुगली होती, हेही सांगायलाच हवं.

दुपारी दुकान बंद करून मुलगा कामाला बाहेर गेला. काकांनी सगळी तयारी नीट केली, पूर्वी मोठी कामं यायची तेव्हा करायचे तशी. बाटल्यांवरची नावं दोनदा वाचली. डेव्हलपर नवा बनवला, कोमट करून थर्मामीटरनं पाहिला. सिंक हलवल्यापासून फिल्म धुवायचं हे पहिलंच काम. ट्रे मांडताना मात्र त्यांच्या मनात आलं की हायपोतून काढलेली फिल्म टपकत सगळ्या ओट्यावरून सिंकपर्यंत न्यायची म्हणजे फार. हायपो सिंकला लागून असलेला बरा. म्हणून त्यांनी उलट मांडलं. उजवीकडे डेव्हलपर, मध्ये ॲसिड, डावीकडे सिंकशेजारी हायपो. उजेडात, डोळ्यांनी बघून, विचार करून. अगदी बरोबर मांडलं होतं.

सूनबाई आत यायला तयार नव्हती. बाहेर स्टुलावर बसते, म्हणाली, दिवा लागला की हाक मारा. काकांनी हातमोजे चढवले, दार लावलं, पडदा ओढला आणि दिवा घालवला.

कॅमेरा उघडून, रोलभोवतीचा कागद सोडवून त्यांनी फिल्म मोकळी केली. इतकी वर्षं गुंडाळून राहिलेली, ती सारखी आपल्याच अंगावर मिटायला बघत होती. दोन्ही टोकं धरून त्यांनी तिला ताणलं, पुटपुटले, “ये बाई, आता.” आणि हात गेले डावीकडे. जन्मभर जात होते तसे. हातांना कुणी विचारलं नव्हतं आणि हातांनीही कुणाला विचारलं नाही.

“लहान माझा दिवा, देवा,” काकांनी सुरू केलं. आवाज थकलेला, पण सुरातला. फिल्म खाली जात होती, वर येत होती. बाहेर सुनेला तो आवाज ऐकू आला. तिला ती प्रार्थना आता पाठ होती. हात मांडीवर घट्ट धरून तीही हळू आवाजात त्यांच्याबरोबर म्हणू लागली. दाराच्या या बाजूला ती, त्या बाजूला ते, आणि मध्ये लाकडाची एक फळी. एकदा म्हणून झालं, दुसऱ्यांदा म्हणून झालं. एरवी पहिल्या शब्दालाच नाकानं टोकलं असतं, अरे, हा काडीचा वास इथं कसा. बोटानं सांगितलं असतं, हे बुळबुळीत नाही. पण नाक बंद होतं आणि बोटं रबरात होती. मग मधला ट्रे. मग उजवीकडचा. तिथं तिसऱ्यांदा प्रार्थना झाली. काकांच्या मनाला इतकं बरं वाटत होतं की शेवटचं कडवं त्यांनी मुद्दाम लांबवलं.

मग फिल्म धुवायला त्यांनी उजवा हात नळाकडे नेला.

हाताला भिंत लागली.

कोरडी, सपाट भिंत. त्यांनी हात वर नेला, खाली नेला. प्लंबरनं बुजवलेल्या भोकाचं सिमेंट रबराखाली खरखरलं. नळ इथं नव्हता. नळ पलीकडे होता. नळ पलीकडे होता म्हणजे हायपो पलीकडे होता, आणि आपण सुरुवात कुठून केली?

काका तसेच उभे राहिले. एका हातात फिल्म, दुसरा भिंतीवर. दिव्याचं बटण हाताच्या अंतरावर होतं. ते त्यांनी दाबलं नाही. अंधार होता तोवर काहीतरी शिल्लक होतं, निदान तसं धरता येत होतं. देवा, मी तुझंच नाव घेत होतो ना रे, असं त्यांच्या मनात आलं.

“बाबा, झालं?” बाहेरून आवाज आला.

त्यांनी बटण दाबलं. फिल्म काचेसारखी होती. तिच्यातून पलीकडचा ट्रे दिसत होता, ओट्याचा दगड दिसत होता, दिवा दिसत होता. ज्यासाठी फिल्म असते ते सोडून सगळं दिसत होतं.

“ये,” ते म्हणाले.

ती आत आली आणि आधी त्यांच्या तोंडाकडेच बघितलं. मग फिल्मकडे. काकांच्या तोंडून शब्द गेले, ते त्यांनी ठरवले नव्हते.

“काही नाही आलं, पोरी. फार जुनी होती.”

तिनं मान हलवली. एकदा, दोनदा. नंतर हसायचा प्रयत्न केला, म्हणाली, तुम्ही म्हणालाच होतात. त्यांचा रंग उतरलेला बघून तिनंच त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी आणू का विचारलं. काकांना वाटलं, हिनं रडावं. रडली असती तर त्यांना समजूत घालता आली असती. ती त्यांचीच समजूत घालत होती.

मग ती ओट्याला टेकली आणि हळूच बोलायला लागली, त्यांच्याशी की स्वतःशी ते कळेना. “कपाटावर ठेवायला नको होता मी. वर पत्रा आहे, उन्हाळ्यात हात लावता येत नाही तिथं. वडिलांनी इतकी वर्षं स्वेटरात गुंडाळून जपला आणि मी आणून भाजून काढला.” ती थोडी थांबली. “भीती वाटायची. तिथंही मध्ये कुणाचा हात असला तर, म्हणून देत नव्हते तुम्हाला. लगेच दिला असता तर आली असती ना ती?”

काकांचा एक शब्द पुरला असता. नुसतं ‘कोण जाणे’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. फिल्म जुनी होती हे सगळ्या जगानं मानलं असतं, मुलानं मानलं असतं, हिनंही मानलं असतं. आणि मग रोज सकाळी त्या कपाटाकडे बघून ही पोर मनात म्हणत राहिली असती, माझ्या हातानं गेली. चहा करताना, केर काढताना, उद्या हिचं मूल झालं तर त्याला निजवताना.

“काठ बघ,” काका म्हणाले.

तिला आधी समजलं नाही. मग तिनं फिल्म दिव्यासमोर धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठावरून नजर फिरवली. पुन्हा दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. अंगठ्यानं पुसूनही पाहिलं.

“आकडे नाहीत.”

“नाहीत.”

तिनं ट्रेंकडे बघितलं. तिचं नाक चांगलं होतं. तिला वाकावंही लागलं नाही. “हायपो इकडे आहे.”

“मीच ठेवला. सिंकशेजारी बरा पडेल म्हणून. दिवा घालवला आणि हात गेले जुन्या वाटेनं.”

“पण बाबा, वास...” असं म्हणून ती थांबली. तिच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते काकांना दिसलं: काळं पातेलं, कानाला पेन्सिल. नव्या सिंकचा नळ तेवढा चांगला होता, एक थेंबही गळत नव्हता.

“तापापासून?”

“तापापासून.”

“आम्हाला का नाही सांगितलंत?”

“ही खोली बंद केली असतीत तुम्ही.”

“केली असती,” ती म्हणाली.

तिची नजर त्यांच्या हातांवर गेली, हातमोज्यांवर. तिनं ते स्वतः एकेक बोट ओढून काढले. आतले हात घामानं पांढरे पडले होते, सुरकुतले होते, पण भेग एकही नव्हती. ते हात तिनं क्षणभर धरले. मग सोडून दिले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. काका स्टुलावर बसून होते. त्यांना उठावंसं वाटत होतं, तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटत होता, पण कुठल्या तोंडानं? आणि कुठल्या हातानं?

डोळे पुसून ती वळली तेव्हा तिनं अगदी साधा प्रश्न विचारला, पूर्वी विचारायची तसा. “विरघळलं म्हणजे नाहीसं होत नाही ना. तुम्हीच सांगितलंय. मग आई गेली कुठं?”

“ह्यात आहे,” काकांनी डावा ट्रे दाखवला. “सगळी आहे, कणन् कण. तू असशील, तळं असेल. पण जागा मोडल्या ना. गाल कुठला आणि पाणी कुठलं, ते आता कोण सांगणार? चांदी काढता येते त्यातून. चित्र नाही.”

ती ट्रेजवळ गेली. आतलं पाणी पाण्यासारखंच होतं, तळाचा पांढरा रंग स्वच्छ दिसत होता. ती वाकून बघत राहिली, आणि त्यात तिला जो दिसला तो तिचाच चेहरा होता, दिव्याखाली हलणारा. तुझ्यासारखीच होती, असं तिचे वडील म्हणायचे. ते तिला आठवलं की नाही, तिनं सांगितलं नाही. काकांना आठवलं, पण त्यांनीही सांगितलं नाही. अशा वेळी असल्या गोष्टी बोलून दाखवणं म्हणजे भुकेल्याला ताटाचं चित्र दाखवणं.

वापरलेला हायपो एरवी ओट्याखालच्या काळ्या कॅनमध्ये जायचा. चांदी गाळणारा माणूस अधूनमधून येऊन तो नेत असे. ट्रे उचलायला काका उठले तेव्हा ती म्हणाली, “कॅनमध्ये नको.” तिनं एक मोठी काचेची बाटली धुऊन पुसून आणली, नरसाळं लावलं, आणि थेंबही न सांडता सगळा हायपो तिच्यात भरला.

संध्याकाळी मुलाला कळलं. तो आधी बापावर चिडला, मग स्वतःवर, सिंक मीच हलवलं म्हणून. मग त्यानं फोन सुरू केले. मोठ्या लॅब, जुने फोटोग्राफर, कॉलेजात रसायन शिकवणारा एक मित्र. प्रत्येकाला सुरुवातीपासून सगळं सांगायचा, आणि प्रत्येक जण ‘हायपो आधी गेला’ इथपर्यंत ऐकून ‘मग उपाय नाही’ म्हणायचा. कुणी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं. शेवटी फोन ठेवून तो काकांशेजारी येऊन बसला, आणि बापलेक समोरच्या बंद टीव्हीकडे बघत राहिले.

पुढच्या खेपेला चांदीवाला आला. कॅन उचलता उचलता त्याची नजर फळीवरच्या बाटलीवर गेली. हीही द्या की, म्हणाला. काकांनी नाही म्हटलं. त्यानं बाटली उजेडात धरून पाहिली आणि हसला. एका फिल्मची दिसतेय, यातून अंगठीचा तुकडासुद्धा निघायचा नाही, कशाला सांभाळता? काका म्हणाले, आमच्या सूनबाईंच्या माहेरची आहे. चांदीवाल्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. तो आणखी हसला आणि गेला.

डॉक्टरांनी नाक तपासलं. औषध असं काही नाही, म्हणाले, पण ओळखीचे वास रोज नाकाला देत राहा, कधी कधी येतं परत. कधी, ते सांगता येत नाही. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी सूनबाई डार्करूममध्ये येते. खोलीला कुलूप लागलेलं नाही. लावायचं कुणी, हेच कुणी ठरवलं नाही. काका स्टुलावर बसतात, डोळे मिटतात. ती एकेक झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरते. व्हिनेगर, साबण, कॉफी. शेवटी ती मोठी बाटली.

काकांना ठाऊक आहे की हायपो असा टिकत नाही. आतल्या आत तो फुटतो, गढूळ होतो, गंधक खाली बसतो, चांदीही काळी होऊन त्याच्याबरोबर बसते. बाटलीच्या तळाशी करडा थर धरायला लागलाय. तिनं परवा विचारलं, हे थांबवता येतं का? नाही, काकांनी सांगितलं. तिनं बाटली फडक्यानं पुसली आणि परत फळीवर ठेवली.

आज सकाळी तिनं बाटली उघडली तेव्हा ती अगदी जवळ वाकली होती, श्वास धरून. खिडकीच्या काळ्या कागदाला एक बारीक फट पडली आहे, तिच्यातून उजेडाची रेघ ओट्यावर आली होती. काकांना वाटलं, हो म्हणावं. आला, म्हणावं, काडी विझवल्यासारखा, थोडासा. तिचा चेहरा कसा फुलेल ते त्यांना मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं. एवढं एक तरी तिला देता आलं असतं.

“आला?” तिनं विचारलं.

काकांनी पुन्हा एकदा, छाती भरून, बाटलीतून ओढून पाहिलं. थंड हवा आली, बाकी काही नाही.

“नाही,” ते म्हणाले.

तिनं झाकण घट्ट बसवलं. “उद्या बघू,” म्हणाली, आणि चहा ठेवायला वर गेली. जिन्यावर तिची पावलं वाजत होती, आणि पावलांबरोबर ती काहीतरी गुणगुणत होती. काकांनी कान दिला. तीच प्रार्थना होती, लहान माझा दिवा. पहिला शब्द ओठांपर्यंत आला, पण तोंड उघडलं नाही. हात मांडीवर घेऊन ते तिचं कडवं पुरं व्हायची वाट बघत राहिले.